हळद लावलेले उंदीर

हर्षल मोताळ्याचा, माझा शाळेपासूनचा मित्र. बुलढाण्याच्या एका फार्मसी कॉलेजात तो उंदरांवर पीएच.डी. करत होता. मी मराठी घेऊन एम.ए. झालो. याले सायन्स काय कयते, असं तो चारचौघांत म्हणायचा.

मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका असतो. भीती वाटली की तो जागा होतो, शिकण्यातही त्याचा हात असतो. हर्षलनं निम्म्या उंदरांचा तो ठिपका औषध टोचून मारला. बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. टाके सगळ्यांना सारखेच. ओळखू यावेत म्हणून ठिपका मेलेल्यांच्या कपाळावर पिवळा रंग लावला. आता कोण उघड्या फळीवर न भिता फिरतो आणि दाण्याची जागा कोण लवकर शिकतो, एवढंच पाहायचं होतं. त्याच्यावरच त्याची पदवी होती.

मग गणपती आले. कवट्यांना भोकं पाडणारा हा माणूस पापाला भ्याला. बाप्पाचं वाहन म्हणून त्यानं एकूण एक उंदराच्या कपाळाला हळद लावली. सगळेच पिवळे झाले.

मी त्याच्या प्रयोगशाळेत गेलो तेव्हा तो खुशीत होता. फळीवर बिनधास्त फिरले ते त्यानं ठिपका मेलेल्यांत घातले. आडोशाला दबून बसले ते पाण्याचे ठरवले. शिकण्याचे आकडेही त्याच वाटणीवर मांडले. म्हणजे ठिपका मेला की भीती जाते, हे सिद्ध.

मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कोणाचा ठिपका मेला ते कळतं, हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. मी आठवण करून दिली.

"अन् कापल्यावर उलटं निघालं तं?"

"तर उलटं लिही."

"तू कविता लिही बे. मले डॉक्टर व्हायचं हाय."

त्याचे मार्गदर्शक शरच्चंद्र सर आलेख पाहून खूश झाले. इतके स्वच्छ आकडे आपण आयुष्यात पाहिले नाहीत, म्हणाले. का पाहिले नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

प्रयोग संपला. उंदीर मारले. हर्षलनं मेंदू काढलेच नाहीत, उंदीर तसेच पिशवीत भरून जाळायला पाठवले. प्रबंधात काप तपासल्याचं एक पान आहे. परीक्षकांनी त्या पानाची खास तारीफ केली.