पुंडलिकाची बॅटरी आणि माझी जळजळ

चार रिकामी माणसं दर रविवारी एकाच बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, बसली की किस्से करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमचे तर इतके साचलेत की कुठला आधी सांगावा हाच प्रश्न पडतो.

पाळी गावच्या खाणीवरच्या वर्कशॉपात आम्ही चौघं एकत्र होतो. मी ऑटो इलेक्ट्रिशियन, सगळे मला 'मेस्त', म्हणजे मिस्त्री, म्हणतात. विश्राम टिपर ड्रायव्हर, पेडण्यातल्या केरीचा. तानाजी वेल्डर, मूळ कोल्हापूरकडचा, पण इथेच घर बांधून राहिलेला. आणि पुंडलिक स्टोअरकीपर. खाण बंद पडली, वर्कशॉपला कुलूप लागलं, पण पुंडलिकाच्या घरची रविवारची बैठक चालूच राहिली. पोदेराच्या भट्टीतले गरम पाव, म्हणजे उंडे, पुंडलिकाच्या बायकोची, कुंदावहिनींची पातळभाजी आणि एकमेकांची उणीदुणी!

आधीच कबूल करतो, मी पुंडलिकावर जळतो. जन्मभर बॅटऱ्या मी उचलल्या, ॲसिडने पँटी माझ्या फाटल्या, आणि बॅटरीतला जाणकार म्हणून नाव कोणाचं झालं? ज्याने उभ्या आयुष्यात पाना हातात धरला तो फक्त दुसऱ्याला द्यायला, त्याचं!

*

सुरुवात गाडीपासून झाली. पुंडलिकाने एका हॉटेलवाल्याची जुनी हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलवर चालते आणि मागच्या सीटमागे ठेवलेल्या मोठ्या बॅटरीवरही. पहिल्या रविवारी आम्हाला घेऊन निघाला. बटण दाबलं, आवाज काहीच नाही.

विश्राम म्हणाला, "चालू कर मरे. किती वेळ बसान ऱ्हवायचा?"

तेव्हा गाडी पोदेराच्या दुकानापर्यंत पोचली होती!

माझी बायको मागे बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "किती शांत गाडी! आमच्या गाडयेंत तुमी उलयल्लें म्हाका आयकूंक येना."

माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणे! मी म्हटलं, "मागीर तुजेंच बरें न्हय?"

ती म्हणाली, "तें खरें." आणि आत गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

दोन महिन्यांत पुंडलिकाच्या गाडीचा लाल दिवा लागला. गॅरेजवाल्याने सांगितलं, बॅटरी म्हातारी झाली, अख्खी बदला. किंमत ऐकल्यावर वहिनींनी पुंडलिकाला पाणी दिलं. मी मनातल्या मनात बाह्या सरसावून तयार होतो. आता येणार माझ्याकडे, दुसरं कोण आहे!

आला. सकाळी सातला दारात उभा.

"मेस्ता, एक काम आशिल्लें."

"सांग रे!"

"तुजो मीटर दी. बॅटरी हांव घरा खोलतां. मोबायलाच्या व्हिडियोंत सगळें पळयलां."

मीटर पाहिजे, मेस्त नको! तरी दिला. संध्याकाळी तोच मीटर घेऊन परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मेस्ता, तुजो मीटर चुकीचो दाखयता. नव्या सेलांचेर तपासलो."

वीस वर्षं मी त्या मीटरवर लोकांच्या बॅटऱ्या बाद ठरवल्या होत्या. त्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. तो म्हणाला, "विश्रामाक सांगलां, आनी कोणाक ना." म्हणजे पेडण्यापर्यंत गेलंच!

*

बॅटरी उघडण्याचा सोहळा बघायला आम्ही तिघं हजर होतो. ह्या बॅटरीला एक नारिंगी प्लग असतो. तो काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग हात लावायचा, नाहीतर झटक्याने माणूस जागीच जातो. पुंडलिकाने कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले, प्लग काढला, खिशात ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसला. दहा झाली, वीस झाली, अर्धा तास झाला.

तानाजी कंटाळून म्हणाला, "आरं, बॅटरी उघडायलायस का सुतक पाळायलायस?"

शेवटी आतून अठ्ठावीस चपटे सेल निघाले. मी असतो तर खटाखट मोजून वाईट तेवढे बाजूला टाकले असते. ह्याने प्रत्येकाला नंबर चिकटवला आणि प्रत्येकाच्या नावाचं कार्ड केलं, स्टोअरमध्ये बेअरिंगचं करायचा तसं. सगळे सेल जेवणाच्या मेजावर ओळीने मांडले. खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या पट्ट्या व्हिनेगरात बुडवून टूथब्रशने घासल्या. टूथब्रश कोणाचा, हे वहिनींना दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढचा महिनाभर त्या घरात सगळे जमिनीवर जेवत होते. कोणी विचारलं की वहिनी त्या सेलांना लेकी करून सांगायच्या, "मेजार हांगेल्यो अठ्ठावीस धुवो निजल्यात. उठयल्यार हे रागार जातात!"

*

रोज सकाळी सेल चार्ज करायचे, मग हेडलाइटचे बल्ब लावून रिकामे करायचे, पुन्हा चार्ज करायचे, आणि दर वेळी कार्डावर व्होल्टेज लिहायचं. हळूहळू सुस्त सेल खरंच जागे होऊ लागले. मला ते बघवेना.

म्हटलं, "म्हयनो कित्याक जाय? एक सेल म्हाका दी. एका रातींत करून दाखयतां."

त्याने दिला. पण आधी चिठ्ठीवर सही घेतली!

घरी आणून मी त्याला टिपरच्या बॅटरीसारखा सणसणीत करंट दिला. हे सेल चार्ज करताना दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून ठेवावे लागतात, हे पुंडलिकाने सांगितलं होतं. पण स्टोअरकीपरचं ऐकायचं म्हणजे काय! सकाळी बायकोने हाक मारली, "अहो, तुमच्या मेजार उंडो फुगला मरे!"

तो सेल गुपचूप परत नेला. पुंडलिकाने तो हातात फिरवून पाहिला. कार्ड काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं: 'नेला, सडपातळ. परत आला, दिवस भरलेला.'

ते कार्ड अजून त्याच्या भिंतीवर आहे.

*

बॅटरी अजून गाडीत बसलीही नव्हती, तोवर गावभर बोभाटा झाला. एक दिवस डिचोलीच्या बाजारात एका माणसाने मला गाठलं. त्याचीही हायब्रिड होती. म्हणाला, "बॅटरीचे पुंडलिक मेस्त पाळीक खंय रावतात?"

पुंडलिक मेस्त! 'मेस्त' ही माझी कमाई, पंचवीस वर्षांची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अगदी गोड आवाजात त्याला उलटा, नार्व्याचा रस्ता दाखवला.

तासाभराने तोच माणूस परत मला शोधत आला. आता शिव्या बसणार म्हणून मी पाठ फिरवली. त्याने माझ्या हातावर प्रसाद ठेवला. "रस्तो चुकून नार्व्याच्या देवळांत पावलों. कितलीं वर्सां वचूंक जमनाशिल्लें! तुमच्यान लागून घडलें."

खाल्ला. काय करणार, प्रसाद होता. नंतर पाळीचा रस्ताही नीट सांगितला.

*

आणि मग तो रविवार. सेल तयार झाले, गेलेले तीन बदलले, बॅटरी गाडीत चढली. विश्राम नारळ घेऊन केरीहून आला होता. डिकीपाशी पुंडलिक शेवटचे नट आवळत होता आणि मी बाजूला उभा राहून त्यात काय चुकतं ते शोधत होतो.

आणि सापडलं! बॅटरी थंड ठेवायला एक छोटा पंखा असतो. त्याची पिन लावायची राहिली होती, डाव्या कोपऱ्यात सुटी लोंबत होती. कार्डं अठ्ठावीस सेलांची केली होती, पंख्याचं कार्डच नव्हतं!

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नाही सांगितलं. पंख्याशिवाय गाडी लगेच बंद पडणार नव्हती. उन्हात चार दिवस चालली असती, एखादा घाट चढली असती, मग सेल तापून फुगले असते आणि महिन्याची मेहनत मातीत गेली असती. मग आला असता माझ्या दारात, "मेस्ता, जरा तपासून पळय रे." हे एवढं ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं! पुंडलिकाने झाकण बसवलं, स्क्रू आवळले.

बटण दाबलं. लाल दिवा गेला! तानाजीने शिट्टी मारली. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि तडक मेज पुसायला पळाल्या. पुंडलिक माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मेस्ता, तूं आशिल्लो म्हणून धीर आशिल्लो." आता ह्याला काय म्हणायचं!

गाडी वेशीवरच्या राखणदार देवाच्या घुमटीपाशी, छोट्या देवळीपाशी, नेली. विश्रामाने देवाला गाऱ्हाणं घातलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा. नारळ धरला, डोळे मिटले, आम्ही हात जोडून, 'व्हय म्हाराजा' म्हणायला मागे उभे.

"बा देवा राखणदारा, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान म्हयनोभर खपान ही बॅटरी जिती केल्यान, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका रस्त्यार, घाटार, उन्हातानात सांभाळ, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" मी तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"आनी हंय उब्या असलेल्या कोणाच्या मनात कायव वाकडानाकडा असात, तर ता हंयच भायर काड, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

विश्राम थांबला. डोळे मिटलेलेच. "एक आवाज कमी पडलो."

कोणी हलेना. नारळ तसाच हातात. मी तोंड उघडलं, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायच्या जागी मी ओरडलो,

"पुंडलिका, पंख्याची पिन लावूंक ना रेऽ!"

आणि मागून सगळे एका सुरात, हात जोडून, डोळे मिटून:

"व्हय म्हाराजा!"