लाम आंटींची लोकरी टोपी

ग्रेसने बेल वाजवली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. एरवी ती मागच्या दाराने सरळ आत येते, त्यामुळे दारात तिला पाहूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. "मम इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मी तशाच पिठाच्या हातांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या काळ्या जॅकेटवर माझी बोटं उमटली... तिच्या आईने, म्हणजे आमच्या शेजारच्या लाम आंटींनी, आधी ते पीठ झटकलं असतं आणि मग त्या रडल्या असत्या.

ग्लेन वेव्हर्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा कुंपणापलीकडची ही हाँगकाँगची बाई मला जरा विक्षिप्तच वाटली होती. जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याच्या, रणरणत्या उन्हात ह्या कानांवर जाड निळी लोकरी टोपी ओढून वांग्यांना पाणी घालायच्या. त्याचं कारण कळलं माझ्या बाळंतपणात. आई पुण्याहून आली होती. तिने माझे कान फडक्याने घट्ट बांधले आणि गार पाण्याला हात लावायची बंदी केली. ऑफिसातल्या मैत्रिणी हसल्या, पण लाम आंटींना मात्र कुंपणावरून ते पाहून भरून आलं. त्यांच्यातही बाळंतिणीने महिनाभर वाऱ्यात जायचं नाही, केस धुवायचे नाहीत. ग्रेसच्या वेळी उकाडा सोसेना म्हणून आंटींनी केस धुतले, आणि तेव्हा डोक्यात शिरलेला वारा अजून निघालेला नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ती टोपी. आईला इंग्रजी बेताचंच, आंटींचंही तसंच, पण आलं आणि गूळ ह्या दोन गोष्टींवर दोघींचं छान जमलं.

आई परत गेली आणि मी... कसं सांगू? रोहन रडायचा आणि मी समोर बसून नुसती बघत राहायचे. नवरा म्हणाला, झोप होत नाही म्हणून असं होतंय. आई फोनवर म्हणाली, कान उघडे ठेवले असशील. आंटी थर्मासमधून सूप घेऊन यायच्या. त्यांनीही वाऱ्याचंच निदान केलं आणि स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर चढवली. दोन देशांतल्या बायका माझ्या कानांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या, आणि मी टोपी घालून रडत होते. शेवटी एका दुपारी आंटींपाशी बोलून गेले, की रोहनला पाळण्यात ठेवून बाहेर पडावं आणि परत येऊच नये असं रोज वाटतं. त्यांनी सूपचा वाडगा खाली ठेवला. मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, की त्यांनाही असंच वाटायचं, अजूनही कधी कधी वाटतं, पण हे कुणाला सांगायचं नसतं. मनाचा आजार म्हटला की लोक वेडी ठरवतात, मग ग्रेसशी लग्न कोण करणार? आमच्याकडेही अगदी हेच म्हणतात, मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी आंटी कोट घालून दारात उभ्या, डॉक्टरकडे चल म्हणून. टोपी त्यांनी परत मागून घेतली, कारण ट्रेनमध्ये वारा लागतो. स्टेशनजवळच्या चिनी डॉक्टरकडे जायचं नव्हतं, तिथे त्यांच्या सगळ्या मैत्रिणी येऊन बसायच्या. आमच्या मराठी डॉक्टरांकडेही नको, ते गणपतीत भेटतात. म्हणून रोहनला प्रॅममध्ये घालून, बरीच स्टेशनं मागे टाकून, आम्हाला कुणी ओळखणार नाही अशा दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं, आणि इतक्या लांब जाऊन मी म्हटलं, डोकं दुखतं. त्या गोळी लिहून द्यायला लागल्या. तेव्हा आंटींनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"नो हेडेक," त्या म्हणाल्या. "शी क्राय. एव्हरी डे. मी ऑल्सो... लाँग टाइम. सेम सेम."

स्वतःच्या नवऱ्याला, सख्ख्या बहिणीला जे कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी माझ्यासाठी एका परक्या बाईसमोर बोलून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची आमच्याजवळ ओढली.

पुढे कितीतरी महिने आम्ही दोघी मिळून तिथे जात राहिलो. दोघींनाही गोळ्या होत्या, बोलणं होतं, आणि परतताना स्टेशनवर थर्मासमधलं सूप होतंच. डॉक्टरवर आंटींचा विश्वास बसला तरी सूपवरचा उडाला नाही. घरी त्या सांगत, गोळ्या झोपेच्या आहेत. आज रोहन शाळेत जातो, मी मराठीत बोलले की इंग्रजीत उलट उत्तरं देतो, आणि ती ऐकायला मी घरात आहे. हे आंटींचं देणं. त्यांना मी ते कधी नीट बोलून दाखवलं नाही, कारण आभार मानले की त्या चिडायच्या.

परवा ग्रेस ती टोपी घेऊन आली. एका उन्हाळ्यात मम अचानक टोपी घालायची थांबली, हे तिला आठवत होतं. तेव्हा तिने कारण विचारलं, तर वारा गेला, एवढंच उत्तर मिळालं होतं. "व्हॉट वॉज इट, रिअली?" तिने मला विचारलं. ग्रेसचं लग्न कधीच झालंय, तिला आता दिवस गेलेत. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ऐकून ती खूप रडली, आणि हे लिही, असं तीच म्हणाली.

टोपी आता आमच्या मागच्या दाराजवळच्या खुंटीवर आहे. ग्रेस बाळंत होईल तेव्हा इथे थंडी असेल. मी सूप नेईन, टोपीही तिच्या कानांवर ओढीन, आंटींना तेवढं बरं वाटू दे. पण आधी जवळ बसून विचारीन, रडू येतं का गं?