पंच्याऐंशीवी पट्टी

बुधवार, ९ फेब्रुवारी १९९४, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. इंदापूरच्या एका शिक्षणसंस्थेची जीप बारामतीत माझ्या दुकानापुढे येऊन थांबली. संस्थेचे सेक्रेटरी स्वतः आले होते. मी हार्मोनियम दुरुस्त करीत असे. त्याआधी मुंबईत पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात अकरा वर्षे काढली होती. पियानो उघडून पाहिलेला दुसरा माणूस त्यांना या दोन तालुक्यांत सापडला नव्हता.

प्रकरण वाटेत समजले. संस्थेच्या शाळेत एक ग्रँड पियानो होता. कालव्यावरच्या कुणा साहेबाने जाताना तो दिला होता. जुन्या नोंदवहीत त्याविषयी एवढेच होते : 'मोठा पियानो, जर्मन, एक.' शाळेचे संगीत शिक्षक निवृत्त झाले तेव्हा उसाच्या ट्रॉलीत पाचट अंथरून तो निरवांगीला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांचे म्हणणे असे की, जर्मन पियानो वाळवीने कधीच संपवला. हा दुसरा, इंग्लंडात बनलेला, त्यांच्या वडिलांचा. वडील पुण्याच्या लष्करी बँडमध्ये होते. संस्थेला मात्र सुवर्णमहोत्सवासाठी हा पियानो नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारात मांडायचा होता, शेजारी देश आणि साल लिहिलेला फलक लावून. मी पाहून जे सांगेन ते अखेरचे, असे दोन्ही बाजूंनी कबूल केले होते.

"कोर्टात गेलो तर मी, मास्तर आन पियानो, तिघंबी उरणार न्हाय," सेक्रेटरी म्हणाले. "तुमी दुपारपतुर निकाल द्या, तात्या."

मास्तरांचे घर दोन खोल्यांचे होते. पुढची खोली पियानोने पूर्ण व्यापली होती. नवरा-बायकोची अंथरुणे पडवीत गुंडाळून ठेवलेली दिसली. मास्तर सत्तरीचे, किरकोळ बांध्याचे. अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांची पत्नी याच गावची, मेंढपाळाच्या घरातली.

"या भाऊ. आदी च्या घ्या, मग आमच्या सवतीला बघा," ती म्हणाली. "मला पडवीत काढलं तिनं."

"काकी, आज सवत सासरी न्यायला आलोय," सेक्रेटरी म्हणाले.

"न्याल की. आदी तिचं माहेर तर ठरू द्या."

मी चहा नाकारला आणि झाकण उघडले.

समोरच्या फळीवर कारखान्याचे नाव असते. तिथे नवे पॉलिश होते. आतल्या लोखंडी चौकटीवर नाव आणि क्रमांक ओतलेला असतो. ती जागा कानशीने घासली होती.

"गंज काढताना गेलं," मास्तर म्हणाले.

चौकट एकसंध ओतीव होती. खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या गेल्या होत्या. पट्ट्या पंच्याऐंशी होत्या, अठ्ठ्याऐंशी नव्हत्या. एवढ्यावरून वय साधारण ठरते : गेल्या शतकाची अखेर ते पहिल्या महायुद्धाच्या आसपास. देश ठरत नाही. तारांचा आवाज थांबवणारे लोकरीचे तुकडे मूळचे नव्हते. काळ्या मेंढीच्या लोकरीचे, हाताने दाबून केलेले होते.

"ते मी केलेलं," बाई म्हणाली. "साबनाच्या पान्यात लोकर तुडवून तुडवून. धा बारीला ह्यांनी परत दिलं. म्हनले, जाड झालं."

आता पट्ट्या काढायच्या होत्या. पट्टी म्हणजे हातभर लांब लाकडी दांडी. वादकाला तिचे फक्त पुढचे टोक दिसते. एकेक काढून मी सतरंजीवर क्रमाने मांडीत गेलो. बऱ्याच दांड्यांच्या बाजूवर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते. 'वाळवी. रॉकेल लावले.' 'पावसाने फुगली, तासली.' 'हस्तिदंत निघाला, हाड बसवले.' प्रत्येक नोंदीखाली साल होते. सर्वांत जुने साल मास्तर शाळेत रुजू झाले त्या वर्षाचे, सर्वांत नवे चालू. अक्षर एकच. मी सगळ्या नोंदी वाचल्या.

"वाचनालय उघडलं का काय, तात्या?" सेक्रेटरींनी घड्याळ पाहिले.

जुने कारागीर काम पुरे झाले की पहिल्या पट्टीच्या बाजूवर तारीख टाकीत. इथे पहिल्या पट्टीची ती बाजू रंध्याने तासलेली होती. बाकीचे लाकूड मधासारखे पिवळे पडलेले, तेवढीच जागा पांढरी. मी मास्तरांकडे पाहिले. ते अंगणाकडे पाहत होते.

काही कारखान्यांत तारीख दोनदा टाकीत, पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर. हे मला मुंबईच्या उस्तादांनी दाखवले होते. पुस्तकात ते मी कुठे वाचलेले नाही.

चौऱ्याऐंशी पट्ट्या सतरंजीवर आल्या. मी शेवटचीला हात घातला.

"तात्या," मास्तर म्हणाले, "ती कधी बिघडलीच नाही. राहू द्या."

आवाज शांत होता. सेक्रेटरी दारात जीपच्या ड्रायव्हरशी बोलत होते, त्यांचे लक्ष नव्हते. मी त्या क्षणी पट्ट्या परत बसवायला घेतल्या असत्या आणि 'देश निश्चित करता येत नाही' असे म्हटले असते, तर ते खोटे आहे हे सिद्ध करणारा माणूस तिथे नव्हता. पियानो त्या खोलीतच राहिला असता.

मला पाहण्यासाठी बोलावले होते. मी पट्टी काढली.

तिच्या बाजूवर तिरप्या, जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरांत महिना लिहिलेला होता, मार्च, पुढे १९११. खाली कुणाची तरी आद्याक्षरे.

मी सेक्रेटरींना हाक मारून सांगितले, "जर्मनी. एकोणीसशे अकरा. हा शाळेचाच आहे."

"अकरा! फलक झकास हुईल."

"फलक वाजतो का वो?" बाई म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली. "तुमी बोला की! चाळीस वर्सं हितं कोन मरत हुतं?"

"ठरलं होतं तसं झालं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सेक्रेटरींना विचारले, "प्रवेशद्वारात दुपारचं ऊन येतं. तिथंच ठेवणार?"

"काच लावू की, मास्तर. धूळबी बसायची न्हाय."

"काचेत जास्त तापेल."

मी त्यांना दुजोरा दिला. तारांखालची लाकडी फळी उन्हात तडकते. ती तडकली की वाद्य गेले. दोन उन्हाळे पुरतील, असे मी स्पष्ट सांगितले.

"पर वाजवायचा कुनाला हाय, तात्या?" सेक्रेटरी म्हणाले. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

मास्तर उठून पडवीत गेले आणि गुंडाळलेल्या अंथरुणावर बसले. बाई चुलीपाशी गेली. तिने पुन्हा चहा विचारला नाही.

पट्ट्या परत बसवायला मला दीड तास लागला. प्रत्येक जागेवर दाबून पाहिली. शेवटची बसवून मी ती एकदा वाजवली. सूर अचूक होता.

निघताना सेक्रेटरी म्हणाले की ट्रॅक्टर सकाळी येईल, पण त्या माणसांना पियानोचे पाय काढता येणार नाहीत. तेवढे आजच करून द्यावे. ते रास्त होते. पाय न काढता उचलला असता तर दारातच मोडला असता. ड्रायव्हरने शेजारून चार गडी आणले. पियानो बाजूवर निजवायचा म्हणून खाली पाचट आणि वर पोती अंथरली. पाचट मास्तरांनी स्वतः आणले. मी पान्याला हात घातला तेव्हा ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मागच्या पायाला मी पाचर ठोकलीय," ते म्हणाले. "आधी ती काढा, नाही तर खोबणीला चीर जाईल."

मी आधी पाचर काढली. मग तिन्ही पाय सोडवले, त्यांवर खडूने एक, दोन, तीन असे आकडे घातले, पोत्यात गुंडाळले आणि प्रत्येकाला सुतळीच्या दोन गाठी मारल्या.