गालगुंडानंतरचं वर्ष

मी ढोंग करत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. माझ्या अंगात देवीही येत नव्हती. त्या वर्षी आमच्या कॉलनीत माझ्याबद्दल या दोनच गोष्टी बोलल्या जायच्या आणि दोन्ही ऐकून माझं डोकं फिरायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी नववीत होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, अंबडला एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले देव बोचक्यात बांधून गोदावरीत सोडले होते. आप्पा ही गोष्ट अशा थाटात सांगायचे की बोचकं यांनीच उचललं होतं असं वाटावं. अंगात येणाऱ्या बायांवर तर त्यांचा भारी राग. घरात कुणी विचारत नाही म्हणून घुमतात, असं म्हणायचे. अंगात येणं म्हणजे सोंग, हा आमच्या घरचा कायदाच होता, आणि मलाही तो पटायचा.

दिवाळीनंतर मला गालगुंड झालं. शाळा बुडणार म्हणून मी खुशीत होते. पण सूज उतरता उतरता डोकं असं ठणकायला लागलं की उजेड सोसेना. उलट्या झाल्या, मी बरळायला लागले. सरकारी दवाखान्यात ठेवलं, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. काही दिवसांनी शुद्धीवर आले, घरी येऊन जेवायला लागले, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

उन्हाळ्याच्या तोंडावर मला मध्येच काहीतरी करपल्याचा वास यायला लागला. स्टोव्हवर तर काहीच नसायचं. वास आला की पुढची काही मिनिटं मला आठवायची नाहीत. आई सांगायची, तू एकटक बघत होतीस, ओठ चाटत होतीस, फ्रॉकचं टोक चिवडत होतीस. एरवीही मी फार चिडायचे. वर्गातल्या मुली माझ्याचबद्दल कुजबुजतात याची मला पक्की खात्री झाली होती. एकीचं दप्तर मी खिडकीतून बाहेर भिरकावलं. आप्पा म्हणाले, लाडाने शेफारली आहे.

वैशाखी पौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना तो वास आला. पुढचं सगळं आईकडून कळलं. मी उठले आणि जागच्या जागी डोलत काहीबाही पुटपुटायला लागले. शेजारच्या मावशींच्या घरातलेही देव कधीच गेले होते, भीती मात्र राहिली होती. त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "आई आलीया," त्या म्हणाल्या, "तिला काय पायजे ते इचारा." भर विहारात, बुद्धमूर्तीसमोर! आप्पा पुरुषांच्या रांगेतून धावत आले आणि त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली.

"बंद कर हे सोंग."

मला भान आलं तेव्हा गाल जळत होता आणि सगळी कॉलनी माझ्याकडे बघत होती. कशासाठी मार खाल्ला हेही मला माहीत नव्हतं. तो अपमान मी आजही गिळलेला नाही.

मावशींसारखी चूक कुणाच्याही घरात झाली असती. आप्पांची चूक आमच्याच घरात होऊ शकत होती. देवी येत नाही हे त्यांना ठाम ठाऊक होतं, म्हणून उरलं ते सोंग. तिसरं काही असेल, हे एवढ्या विचारी माणसाच्या डोक्यात आलंच नाही.

आईच्या डोक्यात आलं. घरी येऊन तिने माझे कपडे बदलले आणि आप्पांना सुनावलं, "सोंग करणारी पोर चार लोकांत कपडे ओले करत नाही." मग ती मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आप्पा मुकाट्याने मागे आले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, आधी मोठा ताप आला होता का? डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला. गालगुंडाचा विषाणू क्वचित मेंदूपर्यंत जातो, म्हणाले. ताप उतरतो, पण मागे व्रण राहू शकतो. हे झटके बहुतेक त्यातलेच आहेत, आणि चिडणं, संशय घेणं हेही त्यातलंच असू शकतं.

घरी आल्यावर आप्पा चपला काढता काढता म्हणाले, चुकलंच माझं.

मी म्हटलं, "इथे नको. विहारात मारलंत, विहारात सांगा."

आईने डोळे वटारले. बापाने लेकीची माफी चारचौघांत मागायची का, असं आप्पांनी विचारलं. मी हो म्हटलं. गोळ्या मी वेळेवर घेत होते, पण विहारात जाणं बंद केलं. आप्पा एकटे जायचे, लोक विचारायचे, ते विषय बदलायचे. पावसाळा संपत आला तेव्हा एका रविवारी ते म्हणाले, चल.

वंदना झाल्यावर ते बोलायला उभे राहिले. विषाणू, मेंदू, अंधश्रद्धा, सगळं झकास समजावलं. भाषण त्यांना जमायचंच. मावशींनी खाली मान घातली. टाळ्या पडल्या आणि आप्पा बसले. थपडेबद्दल अवाक्षर नाही.

मी बायकांच्या रांगेत उभी राहिले. बोलले काहीच नाही. आईने फ्रॉक ओढला तरी बसले नाही. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, मग आप्पांकडे.

आप्पा परत उठले. या वेळी त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना.

"त्या दिवशी माझी पोर आजारी होती," ते म्हणाले. "आणि मी तिला मारलं."

मग मी बसले.