टेपताईंची सुनावणी

टेपताईंना नगराध्यक्ष व्हायची हौस कधीच नव्हती. त्यांचा धंदा शिवणकामाचा. मोजायची टेप चोवीस तास गळ्यात, भाजी आणायला निघाल्या तरी काढायचं भान नाही, म्हणून हे नाव पडलं. गल्लीतला दिवा लागत नाही अशी तक्रार घेऊन नगरपरिषदेत खेटे घालता घालता लोकच म्हणाले, "रोज येताच आहात, तर आतच बसा." त्या निवडून आल्या. पुढे अध्यक्षपदावरून दोन गटांची अशी काही जुंपली की दोघांनाही चालेल असं एकच माणूस उरलं, आणि ते नेमकं टेपताई निघालं.

घरात मात्र अध्यक्ष वेगळ्याच होत्या. थोरली बहीण, अक्का. अक्कांनी उभं आयुष्य गावच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. शिट्टी म्हणून कधी वापरली नाही. पलीकडच्या काठावरच्या पोराच्या कानात पाणी गेलेलं असलं तरी त्याला ऐकू जाईल असा आवाज. टेपताईंचे यजमान गेल्यावर दोघी एकत्र राहू लागल्या. अक्का बोलायच्या आणि टेपताई टाके घालायच्या. दोघींचं छान चाललं होतं.

मग एका बिल्डरने वीटभट्टीच्या पडीक जमिनीवर प्लॉट पाडून घरं बांधायची परवानगी मागितली. नकाशा लागला आणि अक्कांचा पारा चढला, कारण वसाहतीचा रस्ता बरोबर तलावाच्या फाटकासमोर निघत होता. ओल्या पायांनी धावत सुटणारी पोरं आणि समोरून येणाऱ्या गाड्या.

"मी तुला आत्ताच सांगते," अक्का म्हणाल्या.

"सांगू नकोस. सुनावणीच्या आधी या विषयावर मी कुणाशी बोलायचं नाही, असा नियम आहे."

"कुणाशी म्हणजे? माझ्याशीपण?"

"तुझ्याशी तर मुळीच नाही."

अक्कांनी नियम पाळला, पण आपल्या पद्धतीने. लेकी बोले सुने लागे. सकाळी चहाच्या किटलीला त्या म्हणायच्या, "तुझं काय जातंय गं बाई, तू बसलीस उबेत. रस्ता ओलांडायचाय त्या चिमुरड्यांना." टेपताई लगेच मशीन सुरू करायच्या. त्या महिन्यात त्यांची शिलाई कधी नव्हे ती वेळेवर झाली.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. नकाशा भिंतीवर टाचलेला, त्याचा एक कोपरा पंख्याच्या वाऱ्याने सारखा उडत होता. प्रत्येकाला तीन मिनिटं. मग अध्यक्षांनी घंटी वाजवायची. बेकरीवाले घरांच्या बाजूने बोलले, पोस्टमन विरुद्ध बोलले. मग अक्का उठल्या.

"आपलं नाव आणि पत्ता सांगा," टेपताई समोरच्या कागदाकडे बघत म्हणाल्या.

"नाव तुला माहीत आहे. पत्ता तुझाच."

सभागृह हसलं. अक्का हसल्या नाहीत. फाटक, वळण, पोरं, सगळं त्यांनी डोळ्यांपुढे उभं केलं. प्लॉट निम्मे करा म्हणाल्या. रस्ता मागच्या गोदामाच्या गल्लीतून काढा म्हणाल्या. आणि थांबेचनात. टेपताईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी घंटी वाजवली.

"आपली वेळ संपली."

उभ्या जन्मात अक्कांना असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि खाली बसल्या.

बिल्डरचे इंजिनीअर नकाशापाशी गेले. बोटाने रेघ मारून म्हणाले, "बाईंचं खरं आहे, गल्लीतून रस्ता निघेल. फक्त या कोपऱ्यावरच्या घराच्या स्वयंपाकघराला अगदी लागून जाईल."

सचिवांनी घसा खाकरला. "अध्यक्षबाई, ते घर आपलं आहे. आता या विषयात आपल्याला खुर्चीवर बसता येणार नाही. मतही देता येणार नाही."

टेपताईंनी घंटी उपाध्यक्षांकडे सरकवली. हे उपाध्यक्ष म्हणजे बाजारातले औषधवाले. मग त्या व्यासपीठावरून उतरल्या. खाली एकच खुर्ची रिकामी होती, अक्कांच्या शेजारची.

"तू रस्ता आपल्याच दारात आणलास," त्या पुटपुटल्या.

"आणला. पोरांच्या दारातून तर गेला."

टेपताईंनी हात वर केला. नागरिक म्हणून त्यांनाही तीन मिनिटं होतीच.

"रस्ता गल्लीतून जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण त्या खिडकीशी माझं मशीन आहे आणि पांढऱ्या कापडावर धूळ बसते. मध्ये झाडांची रांग लावा. चालणाऱ्यांसाठी फूटपाथ करा. आणि अक्का म्हणतात तसे प्लॉट निम्मे करू नका, ते मला पटत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली राहायला जागा मिळेना म्हणून गाव सोडून गेल्या. दोघींचा हात माझ्यापेक्षा चांगला होता."

अक्का वळून बघायला लागल्या. "हे घरी कधी बोलली नाहीस."

"घरी माझी पाळी येते कुठे?"

पुढच्या दोन रांगा खदखदल्या. औषधवाल्यांनी घंटी वाजवली. त्यांना ती वाजवायची केव्हाची हौस होती.

योजना मंजूर झाली. रस्ता गल्लीतून, मध्ये झाडं, बाजूने फूटपाथ, प्लॉट सगळेच्या सगळे. घरी जाताना अक्का कोपऱ्यापर्यंत अवाक्षर बोलल्या नाहीत. टेपताईंना वाटलं, घंटी चांगलीच लागली आहे.

"चांगलं बोललीस," अक्का शेवटी म्हणाल्या. "आवाज पोटातून काढायला हवा होता. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्या रात्री जेवताना टेपताईंनी त्या दोन मुलींबद्दल सगळं सांगितलं, आणि अक्कांनी ते मध्ये न बोलता ऐकलं. म्हणजे, जवळजवळ न बोलता.

घरं उभी राहिली, बिऱ्हाडं आली. त्या दोघींपैकी एक नवऱ्याला आणि पोरीला घेऊन परतली, आणि पोरीला अक्कांनी पहिल्याच आठवड्यात पाण्यात उतरवलं. नव्या बायका पडद्यांची मापं घेऊन टेपताईंच्या दारात येऊ लागल्या. पण टेपताई ऐकेनात. परवानगी आपल्या परिषदेने दिली, तेव्हा अध्यक्षपदाची मुदत संपेपर्यंत तिथलं काम घेणार नाही म्हणाल्या.

"वेडी आहेस," अक्का म्हणाल्या, आणि मग हेच फार अभिमानाने साऱ्या तलावावर सांगत सुटल्या.

बायकांनी परक्या शिंप्याकडे जायचं नाकारलं. वर्षभर त्या नव्याकोऱ्या घरांच्या खिडक्यांना चादरी, लुगडी आणि एका ठिकाणी तर टेबलावरचं मेणकापड टांगलेलं होतं. संध्याकाळी दिवे लागले की सगळी वसाहत रंगीबेरंगी दिसायची.