शंभर रुपयांचं बोलावणं

थोरल्याने मागच्या पत्रात तक्रार केली आहे. वर्गातल्या इतर मुलांच्या आज्या गोष्टी लिहून पाठवतात आणि आमची आजी गिरण्यांच्या शेअरभावांची कात्रणं पाठवते, वर विचारते की ही कंपनी नफा कुठून वाटते ते शोधा. धाकटीने खाली जोडलं आहे की कात्रणाबरोबर लाडू आले तर तिची हरकत नाही. बाळांनो, ठाण्याहून कराचीपर्यंत लाडू टिकत नाहीत. कात्रण टिकतं. पण तक्रार रास्त आहे, म्हणून या वेळी गोष्ट लिहिते. ती कात्रणाचीच आहे, त्याला माझा इलाज नाही.

मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा घरात तीनच माणसं होती. तुमचे आजोबा इंग्रजी शाळेत शिकवायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. आणि तिसरी मी. आजोबांनी मला इंग्रजी शिकवायला घेतलं, आणि वर्षाच्या आत आळीतल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. विहिरीवर मी दिसले की एखादी म्हणायची, "सरका गं, मड्डम आल्या, त्यांना वाट द्या." मी हसायची. घरी येऊन घागर उतरवताना मात्र हसू राहिलेलं नसायचं. वन्संना तर कोणी बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न, मुंज, बारसं, त्यांनी पुढे यायचंच नाही. अशा आम्ही दोघी न बोलावलेल्या, एका घरात.

क्रमिक पुस्तक संपल्यावर आजोबांनी मला वाचायला वर्तमानपत्र दिलं. शाळेच्या साहेबाचं वाचून झालं की आदल्या दिवसाचं पत्र आजोबांकडे येई. त्यातला पैशाच्या बातम्यांचा रकाना ते रोज मागच्या पडवीत माझ्याकडून वाचून घेत. मी विचारलं, हाच का? तर म्हणाले, "यातले शब्द रोज तेच असतात, फक्त आकडे बदलतात. शिकायला याहून सोपं काय? शिवाय थापा कशा ओळखायच्या तेही शिकशील."

मी वाचायची तेव्हा माजघराच्या दाराआड वन्सं तांदूळ निवडत बसत. सुपाचा आवाज मध्येच थांबला की मी समजायची, आता त्या ऐकतायत.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा मावेनासा झाला आणि रोज नवी कंपनी निघू लागली. वन्संचे दीर कल्याणला असत. बंदरावर त्यांची भाताची वखार होती. तेही या शेअरांच्या नादाला लागले आणि एक दिवस येऊन वन्संना म्हणाले, "वहिनी, दागिने पेटीत ठेवून त्यांना पिल्लं होत नाहीत." वन्संजवळ नवऱ्यामागे उरलेल्या चार पाटल्या होत्या. जगात त्यांचं म्हणून तेवढंच होतं. त्यांनी दोन काढून दिल्या. दिरांनी त्या मोडून समुद्र भरून जमीन करणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर वन्संच्या नावाने घेतले.

त्या दिवसापासून पडवीतल्या वाचनाला अर्थ आला. आधी माझा धडा व्हायचा. आता त्या रकान्यात वन्संची एक ओळ होती. "आपली आली का गं?" त्या दाराआडून विचारत. भाव चढला की संध्याकाळी आमटीत गूळ जरा जास्त पडायचा. माझ्याशी एवढं कोणी बोलत नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्या ओळीची वाट बघायची ती भावासाठी नाही.

एके दिवशी शाळेच्या शिपायाने वर्तमानपत्र दुपारीच घरी आणून दिलं. आजोबा शाळेत होते. कंपनीची सूचना छापली होती आणि त्यात एक शब्द होता, कॉल. मी कोश उघडला. हाक, बोलावणं. मी वन्संना वाचून दाखवलं, "कंपनीने भागीदारांना बोलावणं केलंय. दर शेअरामागे शंभर रुपयांचं."

सूप थांबलं. वन्सं दारातून पुढे आल्या. "मला बोलावलंय?"

"सगळ्याच भागीदारांना. म्हणजे तुम्हालाही."

"आणि वर शंभर रुपये?"

"असं लिहिलंय खरं."

"दक्षिणा असेल गं," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी माणसं, रिकाम्या हाताने कशाला पाठवतील?"

आता हसू येतं, पण तेव्हा आम्हा दोघींना ते अगदी बरोबर वाटलं. आमच्या ओळखीचं बोलावणं असंच असे. जेवण, विडा, दक्षिणा. वन्संनी आपलं चांगलं आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, काढून धुतलं, काठीवर ताणून वाळत घातलं. मुंबईत कुठे उतरायचं, आगगाडीत सोवळं कसं सांभाळायचं, हे सगळं बोलून झालं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

आजोबा आले, त्यांनी सूचना वाचली, मग वाळत घातलेलं आलवण पाहिलं. ते हसले नाहीत.

"अक्का, हे बोलावणं नाही. मागणं आहे."

"म्हणजे घ्यायला नाही?"

"द्यायला."

आणि त्यांनी समजावलं. तुम्हीही नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या कात्रणांतला पहिला धडा हाच आहे. तांबटाकडून हंडा घेतला, थोडे पैसे दिले, बाकीचे तो मागेल तेव्हा द्यायचे ठरले. हंडा घरी आला म्हणजे तो आपला झाला असं नाही. शेअर तसाच. कागदावरची किंमत मोठी, भरलेली थोडी. उरलेलं कंपनी केव्हाही मागते, त्या मागण्यालाच कॉल म्हणतात, आणि दिलं नाही तर शेअर जातो आणि भरलेलंही जातं. आपण बाजारात भरलेल्या रकमेच्या वर जो चढ मोजून शेअर घेतो, तो विकणाऱ्याच्या खिशात जातो. कंपनीला त्यातली दमडी मिळत नाही.

वन्संनी आलवणाची घडी घातली. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "मला कोण बोलावतंय."

कॉल भरायचा तर उरलेल्या दोन पाटल्या द्याव्या लागणार होत्या. मग जवळ काहीच राहणार नव्हतं, आणि शेअर बुडाले तर जन्मभर भावाच्या ताटाकडे बघायचं. आजोबांनी कंपनीचा अहवाल मिळवला. मी वाचला, वन्संनी ऐकला. समुद्रात अजून भर पडलीच नव्हती. लोकांनी भरलेले पैसे दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्जाऊ दिलेले होते.

दीर घाईघाईने कल्याणहून आले. "भरून टाका वहिनी. दुप्पट होतील."

वन्संनी दाराआडून विचारलं, "भावजी, कंपनीने माती किती टाकली?"

"माती? मी भाव सांगतोय, तुम्ही माती काय विचारता!"

"मग भाव कशाचा?"

दीर आजोबांकडे वळून म्हणाले, "वा! तुमच्याकडे आता बायकांचा बाजार भरतो वाटतं." आणि पाणीसुद्धा न घेता उठले.

वन्संनी शेअर विकायचे ठरवले. कागदावर सही हवी होती. तेव्हा बायका सहीच्या जागी बांगडीची निशाणी करत. वन्सं म्हणाल्या, "माझ्या हातात बांगडी कुठली? मला नाव लिहायला शिकव." मी धूळपाटीवर शिकवलं. नाव वळणदार आलं. आजोबा मुंबईला जाऊन शेअर विकून आले. भाव उतरू लागला होता. एका पाटलीपुरते पैसे परत आले. पेटीतल्या दोन पाटल्या आणि हे पैसे, एवढंच आता वन्संचं उरलं.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली. कापूस पडला, मग शेअर पडले. वन्संच्या कंपनीची ओळ रकान्यात खाली खाली गेली आणि एक दिवस नव्हतीच. मी वर-खाली दोनदा शोधली. "नाही का?" वन्संनी विचारलं. मी नाही म्हटलं. सूप पुन्हा चालू झालं.

त्यानंतर काही दिवसांनी कल्याणचा माणूस आला. दिरांची वखार विकली गेली होती, दीर अंथरुणाला खिळले होते, घरात तीन लहान मुलं. निरोप एवढाच होता, वहिनींना बोलावलंय.

त्या घराने वन्संना पुतण्याच्या मुंजीलाही बोलावलं नव्हतं. आजोबा चिडले. "अक्का, त्यांना तू नकोयस. तुझ्या पेटीत काय आहे ते त्यांना माहीत आहे."

"कॉल आहे रे तो," वन्सं म्हणाल्या. "मला का कळत नाही? तूच शिकवलंस." मग पेटी पुढे ओढत म्हणाल्या, "पण इथे माती कुठे पडणार ते दिसतंय. तीन पोरं जेवतील."

आम्ही त्यांना ठाण्याच्या स्टेशनावर पोचवलं. डब्यात बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "पेपरात काय येतं ते कळवत जा गं."

मी कळवत राहिले. दर पंधरवड्याला भाव लिहून पाठवायची, पुतण्या वाचून दाखवेल या आशेवर. कल्याण काही लांब नव्हतं, पण त्या घरी आम्हाला कोणी या म्हटलं नाही, आणि वन्संना तिथून निघता आलं नाही. पडवीत वाचताना मी एखाद्या आकड्यापाशी अजून थांबते. आता तर ऐकायला तुमचे आजोबाही नाहीत.

वन्संचं उत्तर एकदाच आलं. पाटल्या केव्हाच संपल्या असतील तेव्हा. मी घाईने पाकीट उघडलं. कागदावर वळणदार अक्षरात त्यांचं नाव होतं. दुसरं काही नाही. त्यांना तेवढंच लिहिता येत होतं.

यासोबत एका गिरणीच्या सूचनेचं कात्रण आहे. भरलेले किती आणि भरायचे किती, ते शोधा. नाही सापडलं तर राहू द्या. कागदावर दोघांनी आपापली नावं घालून मात्र पाठवा.