समोर दिसणारं डेट्रॉइट

कॉनराड म्रोझ डेट्रॉइटच्या पोलिश वस्तीतला. वडील बर्नार्ड महायुद्धात लढून आलेले आणि नंतर मोटारीच्या कारखान्यात लागलेले. १९६७ साली कॉनराडने नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरच्या विद्यापीठात इतिहासाला नाव घातलं, तेव्हा पोरगा परदेशी चाललाय असं घरात कुणालाच वाटलं नाही. नदीखालच्या बोगद्यातून जाणारी बस पकडली की शनिवारी तो घरी जेवायला हजर. कॅनडातली मुलं "काय अमेरिकन साहेब, लढाईवर कधी निघताय?" म्हणून चिडवायची. तोही हसायचा.

दुसऱ्या वर्षी तो दोन विषयांत आपटला. विद्यार्थी म्हणून सैन्यभरतीतून मिळालेली सूट गेली आणि व्हिएतनामच्या लढाईचं बोलावणं घरी येऊन पडलं. तो गेला नाही. आता पलीकडे पाऊल टाकलं की अटक ठरलेली. या घरात यापुढे त्याचं नाव निघणार नाही, एवढं सांगून वडिलांनी फोन ठेवला.

आई मात्र रविवारी यायची, नवऱ्याला बहिणीकडे जाते म्हणून सांगून. वर्गात काय शिकवतात ते विचारायची, त्याचे उसवलेले शर्ट तिथेच बसून शिवायची. १९७१च्या हिवाळ्यात तिचं येणं थांबलं. पोटात गाठ निघाली होती. महिन्याभरात ती गेली. धाकट्या बहिणीने, वांडाने, फोन केला.

"दादा, तू येऊ नकोस. चर्चच्या दाराशी दोन माणसं उभी असतात. आपल्यातली नाहीत."

"बाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, आला तर मीच पकडून देईन."

अंत्यविधीच्या सकाळी कॉनराड नदीकाठी उभा राहिला. पाण्यातून बर्फाचे तुकडे वाहत होते. समोर डेट्रॉइटच्या इमारती दिसत होत्या, चर्च दिसत नव्हतं. दुपारी परीक्षा होती. तो जाऊन बसला आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन उठला. पदवी राहिली ती राहिलीच. पुढे त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो पुस्तकं लावायच्या कामाला लागला आणि नदीकाठी, खिडकीतून समोर डेट्रॉइट दिसेल अशी खोली घेऊन राहिला.

१९७७ साली लढाईवर न गेलेल्यांना सरकारने माफी जाहीर केली. त्याच आठवड्यात तो बसने घरी गेला. दार बर्नार्डनीच उघडलं. खूप वाळले होते. त्यांनी मुलाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुझी आई घरी नाही," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

दार उघडंच होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता. आत जावं की नाही, कॉनराडला ठरवता येईना. शेवटी त्याने दार बाहेरून हळूच ओढून घेतलं आणि परतीची बस धरली.

वडील वारल्यावर वांडाने त्याला सांगितलं. कॉनराड दारातून परतला त्या संध्याकाळी ती घरी गेली, तेव्हा टेबलावर कॉफीचे दोन कप होते, दोन्ही भरलेले.

कॉनराडने ऐकून घेतलं. त्यानंतर त्याने नदीकाठची खोली सोडली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेतांच्या बाजूला राहायला गेला.